कॉमन मीटरचं बिल आणि गच्चीवरचं सोलर

ए-१०२: मेंटेनन्स परत वाढवलाय? घरचं लाईट बिल कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत शून्य येतंय, मग लिफ्ट-मोटारीचंच कसं वाढतंय ओ?

सेक्रेटरी: गृहज्योती आधार जोडलेल्या घरच्या मीटरला. २०२२-२३ ची सरासरी अधिक १० टक्के, तेही २०० युनिटच्या आत. कॉमन मीटर कुणाच्या आधारला जोडायचा सांगा? त्यात एप्रिल २०२५ पासून वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचा सरचार्ज, २०२५-२६ ला तो युनिटमागे ३६ पैसे होता.

बी-३०१: म्हणजे वीज कंपनीच्या, हेस्कॉमवाल्यांची पेन्शन आमच्या लिफ्टनं भरायची 😀

बी-२०४: म्हणूनच म्हणतोय, सोलर घरांसाठी नको, कॉमन मीटरसाठी घ्या. ज्याला वीज फुकट मिळतेय तो कशाला पॅनलला पैसे घालेल? केंद्र सरकार सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या सोलरला सबसिडी वाटतंय आणि राज्य सरकार त्याची गरजच काढून घेतंय. पण लिफ्ट, मोटार, जिन्यातले दिवे यांना पूर्ण दर लागतोय. फायदा आहे तो तिथंच.

सी-१०१: गडहिंग्लजला आमच्या पाहुण्यांना ७८ हजार सबसिडी मिळाली की.

बी-२०४: ते एकट्या घराला, ३ किलोवॅट आणि वर. सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार. १० किलोवॅट बसवलं तर १ लाख ८० हजार. जागा साधारण हजार चौरस फूट, ऊन चांगलं असेल तर दिवसाला ४० युनिटच्या आसपास.

ए-१०२: आणि बेळगावचा पाऊस? जून ते सप्टेंबर ऊन कुठलं?

बी-२०४: कमी बनणारच. म्हणून हिशेब वर्षाचा धरा. पावसात सौंदत्तीच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, गळीत हंगामात साखर कारखान्यांची वीज येते, ग्रिडचं असं भागतंय. आपलं दुपारचं जादा युनिट नेट मीटरवर (दिलेली-घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) जाईल, संध्याकाळच्या लिफ्टमधून वजा होईल. फिक्स चार्ज मात्र सुटत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

सी-१०१: मोटार दुपारी चालवायची का मग?

बी-२०४: चालवा की. केंद्राच्या २०२३ च्या नियमात दिवसातले ८ तास सोलर अवर्स (उन्हाचे तास), त्यात दर किमान २० टक्के कमी ठेवायचाय. वेळेप्रमाणे युनिट मोजणारा स्मार्ट मीटर आल्यावर ती सवय उपयोगाला येईल.

बी-३०१: पापड-कुरडया कुठं वाळवायच्या ते आधी सांगा 🙏

सेक्रेटरी: टाकीकडची बाजू मोकळी ठेवू. कॉमन मीटरची वर्षभराची बिलं आज रात्री ग्रुपवर टाकतो. मंजूर लोड किती आहे तेही बघतो, मग तीन जणांकडून कोटेशन घेऊ.