मदत हवी आहे: लस्टर आणि झेडएफएस बसवलेला सर्व्हर ग्राहकाला दिला तर जीपीएलचा भंग होतो का?

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरला आमची चार जणांची कंपनी आहे, स्टोरेज सर्व्हर जुळवून देतो. सध्या पुण्यातल्याच एका संशोधन गटासाठी लस्टरचं (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठी साठवण करणारी फाइल सिस्टिम) क्लस्टर उभं करतोय. सगळं नीट चालतंय, गाडी अडली आहे लायसन्सवर. त्यांच्या खरेदी विभागाला आमच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून हवंय की सगळ्या सॉफ्टवेअरची लायसन्स एकमेकांशी सुसंगत आहेत. खात्री नसताना मी सही करणार नाही.

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जीपीएल २ या लायसन्सखाली, लस्टरही जीपीएल २ खाली. पण लस्टरच्या खाली डिस्कवर डेटा प्रत्यक्ष साठवायला आम्ही झेडएफएस ही फाइल सिस्टिम घेतलीय आणि तिचं लायसन्स सीडीडीएल. सन कंपनीने २००५ साली ओपनसोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम खुली केली तेव्हापासूनचं. दोन्ही लायसन्स मुक्त, तरी पटत नाही. जीपीएल म्हणतं, एकत्र झालेलं सगळं काम माझ्याच अटींवर द्या, वरून जादा अट नको. सीडीडीएल म्हणतं, माझ्या फायली माझ्याच लायसन्सखाली राहतील.

आपल्यापुरतं वापरलं तर कुणाची हरकत नाही, प्रश्न दुसऱ्याला देताना येतो. २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ या लिनक्ससोबत कंपाइल केलेलं (सोर्स कोडपासून चालवायला तयार केलेलं) झेडएफएस मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, आलं, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने तो जीपीएलचा भंग ठरवला, उबुंटूवाल्या कॅनॉनिकलने ते मानलं नाही. डेबियन हे दुसरं लिनक्स मात्र फक्त सोर्स देतं, मॉड्यूल डीकेएमएस या साधनाने वापरणाऱ्याच्याच मशीनवर तयार होतं.

आम्ही सर्व्हर ऑफिसात पूर्ण तयार करून टेम्पोने पाठवतो. म्हणजे मॉड्यूल आमच्याकडे कंपाइल झालेलं असतं. हे वाटपच झालं ना? ग्राहकाकडे जाऊन कंपाइल करावं, तर त्यांच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नाही आणि स्टोरेज नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) कंपायलर ठेवायला त्यांचे सिक्युरिटीवाले तयार नाहीत.

झेडएफएसऐवजी एलडिस्कएफएस ही लस्टरची दुसरी फाइल सिस्टिम घेतली तर वादच मिटतो, कारण ती लिनक्सच्या एक्स्ट४ वरूनच बनलेली, म्हणजे जीपीएल. पण झेडएफएसचे डेटावरचे चेकसम (डेटा बिघडला तर ओळखणारे पडताळणी-आकडे) सोडायला जीव होत नाही. वर्षानुवर्षांची निरीक्षणं आहेत हो ती, एखादी फाइल गुपचूप बिघडली तर पुन्हा मोजायची कशी?

कुणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर:
दादा, सोर्स पॅकेजेस आणि कर्नल हेडर (मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) डिस्कवर घेऊन जा. ग्राहकाचंच एखादं साधं मशीन बिल्डसाठी मागा, त्यावर त्यांच्याच माणसाला कंपाइल करू द्या आणि तयार पॅकेज बाकी नोडवर टाका. एकाच संस्थेच्या आत केलेली प्रत वाटप धरली जात नाही. नोडवर कंपायलरही लागत नाही. कर्नल आणि लस्टरचा सोर्स मात्र सोबत द्या, नाहीतर तीन वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी द्या. आणि पत्रात "सुसंगत" हा शब्द घालूच नका. कोणता भाग कोणत्या लायसन्सखाली आहे आणि कुठे कंपाइल झाला, तेवढंच लिहा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. एक अडचण उरते: कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल पुन्हा बनवावं लागणार, आणि देखभालीचा करार आमच्याकडे आहे. तेव्हा त्यांच्या बिल्ड मशीनवर आमच्या माणसाने कंपाइल केलं, तर ते त्यांनी केलं असं धरतात की आम्ही दिलं असं?