मदत हवी आहे: ३४व्या आठवड्यातील डॉप्लर अहवालात नाळेतील प्रवाह सामान्य, पण सी. पी. आर. (मेंदूकडील व नाळेतील प्रवाहाच्या निर्देशांकांचे गुणोत्तर) कमी

नमस्कार. मला चौतिसावा आठवडा सुरू आहे आणि नुकत्याच झालेल्या डॉप्लर सोनोग्राफीच्या (बाळाचा रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीच्या) अहवालाबद्दल जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. माझ्या डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास असल्यामुळे त्यांच्या सल्ल्याला पर्याय मी शोधत नाही. पुढच्या भेटीत नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

माझा रक्तदाब सामान्य आहे, मधुमेह नाही, गर्भजल पुरेसे आहे आणि बाळाची हालचाल नेहमीसारखी जाणवते. तिसाव्या आठवड्यात बाळाचे अंदाजे वजन २४व्या पर्सेंटाइलवर होते, म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभरातील सुमारे २४ बाळे त्याहून हलकी असतात. आता ते सुमारे १९३० ग्रॅम, म्हणजे ८व्या पर्सेंटाइलवर आहे आणि ते दहाच्या खाली गेले म्हणूनच डॉप्लर करायला सांगितले. अहवालात अंबिलिकल आर्टरीचा (नाळेतील धमनीचा) पी. आय., म्हणजे रक्तप्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा पल्सॅटिलिटी इंडेक्स, १.०८, मिडल सेरेब्रल आर्टरीचा (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा) पी. आय. १.४२ आणि दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारा सी. पी. आर. १.३१ असा आहे. नाळेतील प्रवाह सामान्य आहे, मात्र सी. पी. आर. या आठवड्याच्या मानाने ५व्या पर्सेंटाइलच्या खाली आहे, असा शेरा आहे. आठवडाभराने पुन्हा डॉप्लर करायचे ठरले आहे.

मला जे समजले आहे ते आधी मांडते. चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे. नाळेतील दोन धमन्या बाळाचे रक्त वारेकडे नेतात. वार निरोगी असेल तर तिच्यातील रक्तवाहिन्यांचा अडथळा कमी असतो, त्यामुळे हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे वाहत राहते. वारेचे काम बिघडत गेले की हा अडथळा वाढतो, पी. आय. वाढतो, पुढे मधल्या काळातील प्रवाह थांबतो आणि अतिगंभीर स्थितीत तो उलटही वाहू लागतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे गणित याच्या विरुद्ध आहे. प्राणवायू कमी पडू लागला की बाळाचे शरीर मेंदूचा पुरवठा जपण्यासाठी तेथील वाहिन्या रुंद करते आणि म्हणून तिचा पी. आय. कमी होतो. बत्तिसाव्या आठवड्यानंतर सुरू होणाऱ्या वाढीच्या समस्येत नाळेचा डॉप्लर सामान्य राहूनही मेंदूकडील प्रवाहात आधी बदल दिसू शकतो, असे वाचल्यावर डॉक्टर इतकी काळजी का घेत आहेत हे माझ्या लक्षात आले.

माझी खरी अडचण मोजपट्टीची आहे. काही ठिकाणी सी. पी. आर. १च्या खाली गेला तरच असामान्य धरतात, तर काही ठिकाणी त्या त्या आठवड्याच्या पर्सेंटाइलशी ताडून पाहतात. पहिल्या पद्धतीने माझा १.३१ हा आकडा निर्धास्त करणारा ठरतो आणि दुसरीने काळजीचा. चौतिसाव्या आठवड्यात यांपैकी कोणत्या पद्धतीला अधिक महत्त्व द्यावे? तसेच वजन दहाच्या खाली आणि सी. पी. आर. पाचच्या खाली, या दोन बाबी एकत्र आल्यावर बाळाला केवळ मूळचे लहान चणीचे न मानता वाढ खुंटलेले मानतात, असे २०१६च्या तज्ज्ञ-सहमतीच्या निकषांत वाचले. आम्हां दोघांचीही चण लहान आहे. याचा विचार हे निकष करतात का?

दुसरा प्रश्न एका मोजणीवर किती विसंबावे याचा आहे. बाळ श्वसनाच्या हालचाली करत असेल, चुळबुळ करत असेल किंवा प्रोबचा दाब त्याच्या डोक्यावर पडत असेल तर आकडे बदलतात. नाळेतही बाळाकडच्या टोकाला अडथळा जास्त आणि वारेकडच्या टोकाला कमी भरतो. तपासणीच्या वेळी माझे बाळ बराच वेळ हलत होते आणि मोजणी पुन्हा पुन्हा घ्यावी लागली. पुढची तपासणी त्याच यंत्रावर, त्याच डॉक्टरांकडून व्हावी असा आग्रह धरणे योग्य ठरेल का?

तिसरी शंका सुरक्षिततेची. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात हे ठाऊक आहे. परंतु डॉप्लरमध्ये ध्वनिलहरी एका जागी एकवटतात आणि हाडाजवळ उष्णता थोडी अधिक निर्माण होते, म्हणून पडद्यावर थर्मल इंडेक्स दाखवला जातो आणि तपासणी गरजेपुरतीच ठेवली जाते, असे समजले. मेंदूकडील धमनीची मोजणी कवटीतून होते. ती दर आठवड्याला करावी लागली, तर थर्मल इंडेक्स किती आहे असे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारणे योग्य दिसेल का?

घरी ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र घेण्याचा सल्ला काही नातेवाइकांनी दिला आहे. कृपया तो येथे देऊ नये, कारण ठोके ऐकू आले म्हणजे रक्तप्रवाह ठीक आहे असे सिद्ध होत नाही आणि हालचाल कमी जाणवल्यास यंत्र न लावता थेट रुग्णालयात यायचे, असे मला स्पष्ट सांगितलेले आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी करणारे डॉक्टर किंवा असा अहवाल आलेल्या माता येथे असतील, तर त्यांनी जरूर लिहावे. सी. पी. आर. कमी आल्यानंतर पुढच्या तपासणीत तो सुधारला, तसाच राहिला की घसरला, आणि त्यानुसार प्रसूतीचा आठवडा कसा ठरवला गेला, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे.