फजिती, तारांबळ आणि बघ्या

दूरचित्रवाणीवर कोणी फसला, घसरला किंवा चारचौघांत ओशाळला, की पाहणाऱ्याला जे सुख होते त्याला मराठीत नेमके काय म्हणावे? जर्मन भाषेतला ‘शाडनफ्रॉइड’ हा शब्द त्यासाठी जगभर चालतो; ‘शाडन’ म्हणजे नुकसान आणि ‘फ्रॉइड’ म्हणजे आनंद. त्याला ‘आसुरी आनंद’ हा प्रतिशब्द सुचवला जातो, पण मला तो येथे पटत नाही, कारण त्यात वैर किंवा क्रौर्य गृहीत असते. ‘विघ्नसंतोषी’ हा तर स्वभावाला दिलेला शब्द आहे आणि दुसऱ्याच्या कामात मोडता घालणाऱ्यालाच तो लागू पडतो. ‘ताकेशीज कॅसल’ या जपानी कार्यक्रमात दगडांवरून उड्या मारत जाणारा स्पर्धक तळ्यात पडला, म्हणून खिदळणाऱ्या मुलाचे त्याच्याशी कसलेच वैर नसते.

माझ्या मते येथे ‘फजिती बघणे’ हाच प्रयोग योग्य आहे. ‘फजिती’ मूळची अरबी आणि फारसीमार्गे मराठीत आलेली. तिच्या धातूचा अर्थ ‘उघडे पाडणे’ असा आहे. त्यामुळे फजितीला साक्षीदार लागतोच. घरात एकट्याचा पाय घसरला तर माणूस नुसता पडतो. भर मांडवात, हातात जिलेबीचे ताट असताना घसरला, तर त्याची फजिती होते. अमेरिकेत १९४८ साली ‘कँडिड कॅमेरा’ दूरचित्रवाणीवर आला, तेव्हापासून छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमांनी हेच साधले आहे: जी फसगत दोघातिघांत जिरून गेली असती, तिला असंख्य साक्षीदार मिळवून दिले. फसलेल्याचा ‘बकरा झाला’ किंवा त्याला ‘मामा बनवले’ म्हटले की बोच राहते, ‘फिरकी घेतली’ म्हटले की ती बरीच कमी होते.

‘तारांबळ’ मात्र वेगळी ठेवावी. मंगलाष्टकांतल्या ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ या चरणाशी होणाऱ्या धावपळीवरून तो शब्द आला, असे सांगतात. तारांबळीत घाई असते, लाज नसते.

रस्त्यावर कोणी संकटात असताना जो मदतीला न जाता उभा राहतो, त्याला आपण ‘बघ्या’ म्हणतो आणि तो ‘गंमत बघत राहिला’ असा ठपका त्याच्यावर ठेवतो. पडद्यासमोर बसलेल्याला मात्र ‘प्रेक्षक’ हा मानाचा शब्द मिळतो, कारण त्याला धावून जाणे शक्यच नसते. या सुखाचे एक मोठे कारण मला येथेच दिसते. जबाबदारीतून सुटका झालेली असल्यामुळे हसताना मन खात नाही. परंतु २०१८ साली सुरू झालेल्या ‘बिग बॉस मराठी’सारख्या कार्यक्रमात घरात कोणी राहावे हे प्रेक्षकांची मते ठरवतात, आणि तरीही एखाद्याचा पाणउतारा चाललेला असताना ते केवळ रंगत वाढली म्हणून खूश होत असतील, तर त्यांच्यासाठी ‘बघ्या’ हाच शब्द मी वापरेन.