भिगवणसाठी टू-एक्स कन्व्हर्टर घ्यावा का?

सायकलवाला: मंडळी, जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स (एफ ४-५.६) एवढंच भांडवल आहे. जानेवारीत भिगवणला पक्षी टिपायला जायचंय. मागच्या खेपेला रोहित (फ्लेमिंगो) म्हणजे नुसते गुलाबी ठिपके आले. १५०-६०० परवडत नाही. टू-एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसतो तो) सेकंडहँड चार हजारांत मिळतोय, म्हणजे ३०० चे सरळ ६००. घेऊ का? घेऊन पस्तावलेल्यांनी जरूर लिहा.

पाणकावळा: पस्तावलेल्यांत पहिला नंबर माझा. २०१६ ची गोष्ट, लेन्सही तुमचीच, गणितही तुमचंच. कॅमेरा कंपनीचा कन्व्हर्टर ह्या लेन्सवर बसतच नव्हता, त्याची पुढची काच बाहेर येते आणि लेन्सच्या मागच्या काचेला भिडते. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. मी भलत्याच कंपनीचा शोधून आणला.

भिगवणजवळ कुंभारगावला सकाळी होडीत बसलो. समोर चित्रबलाक, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर आत अमावस्या! टू-एक्स दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे पाव हिस्साच उरतो, एफ ५.६ चे होतात ११. माझ्या बॉडीचा ऑटोफोकस ५.६ पर्यंतच चालायचा. लेन्स घर्र घर्र करत पुढेमागे जायची आणि दमून थांबायची. हाताने फोकस करावा तर होडी हलतेय. ऊन वर आल्यावर जिथे शटरला १/१००० सेकंद मिळायचं तिथे १/२५०, तेही ६०० ला, हातात धरून. चारशे फोटोंत एक धड निघाला, झोपलेल्या राखी बगळ्याचा. शेवटी नावाडीच म्हणाला, "सर, ते नळकांडं काढा की." काढायच्या गडबडीत त्याचं मागचं झाकण उजनीत गेलं.

घरी येऊन समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरची अक्षरं टिपली. एकदा कन्व्हर्टर लावून, एकदा नुसत्या ३०० ने काढून क्रॉप करून. क्रॉप केलेली जास्त स्वच्छ वाचता आली. साडेसात हजार गेले होते, बायकोला तीन सांगितले होते.

पुढच्या वर्षी तीच लेन्स नेली. नावाड्याला आधीच सांगितलं, इंजिन लांबच बंद करायचं, मग वल्ह्याने हळूहळू, सूर्य पाठीशी ठेवून. होडीत खाली बसलो, कोपरं काठावर. रोहित फ्रेमच्या अर्ध्यापर्यंत आले. तुमचे चार हजार दुसऱ्या दिवशीच्या होडीला ठेवा.

कोरडवाहू: कन्व्हर्टरला सरसकट शिव्या नकोत. ७०-२०० एफ २.८ वर १.४ एक्स लावला तर एकच स्टॉप जातो, एफ ४ राहतो, फोकसही नीट लागतो. पण तुमच्या लेन्सवर टू-एक्स... पाणकावळ्याशी सहमत.

सायकलवाला: कळलं, होडीच बरी. एक विचारू? तुमच्या कन्व्हर्टरचं पुढे काय झालं?

पाणकावळा: दोन पावसाळे कपाटात काढले. मग पुण्यातल्या एका मुलाला पाच हजारांना विकला, झाकण नाही हे सांगून. तुम्ही बघताय त्याला मागचं झाकण आहे का?

सायकलवाला: प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड आहे.

पाणकावळा: रबरबँड निळा?