विषय: अमेरिकन नागरिकत्वासाठी पाच वर्षं कुठून मोजायची?

नमस्कार मंडळी,
ग्रीन कार्डाची तारीख १५ जून २०२१. मधे एकदा सलग सात महिने पुण्यात राहणं झालं, री-एन्ट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परत येण्याची परवानगी) होतं. एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) कधी भरता येईल? एच-१बीची (नोकरीच्या व्हिसाची) वर्षं धरतात का?

----
ताई,
एच-१बीची वर्षं धरत नाहीत, दहा असोत की पंधरा. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स'पुढे जी तारीख छापली आहे तिथून मोजायचं. पाच वर्षं १५ जून २०२६ ला भरतात आणि अर्ज त्याआधी ९० दिवस, म्हणजे १७ मार्चपासून करता येतो. 'तीन महिने आधी' म्हणून १५ मार्चला भरलात तर लवकर भरला या कारणावरून नामंजूर होऊ शकतो. मग फी बुडते (ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०).

खरी अडचण त्या सात महिन्यांची आहे. पाच वर्षांत किमान ९१३ दिवस इथे हवेत, तो हिशेब तुमचा सहज बसेल. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवसही त्यात धरतात. पण सलग वास्तव्याचा हिशेब वेगळा. एकाच फेरीत सहा महिन्यांच्या वर गेलात की वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. इथली नोकरी चालू होती, घराचं भाडं किंवा हप्ता जात होता, घरचे इथेच होते, टॅक्स रेसिडेंट म्हणून भरला होता, याचे कागद मुलाखतीला न्या. फेरी वर्षभराची झाली असती तर कागदांनीही भागलं नसतं. परतल्यापासून साधारण चार वर्षं एक दिवस थांबावं लागतं. री-एन्ट्री परमिटनं ग्रीन कार्ड वाचतं, सलग वास्तव्य नाही. आणि अर्ज भरला म्हणून मोकळं झालो असं समजू नका, शपथेपर्यंत हेच नियम लागू आहेत.

----
दादांच्या उत्तरात भर. आई-वडिलांसाठी विचारणाऱ्यांनी लक्षात घ्या: अर्ज करताना वय ५५ आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं (किंवा ५० आणि २०) झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीत, दुभाष्यामार्फत देता येतात.

शपथ झाली की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. जुन्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्टचं सरेंडर सर्टिफिकेट (तो परत केल्याचा दाखला), त्यानंतर ओसीआय (मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येण्यासाठी मिळणारं कार्ड). हे सगळं मार्गी लागेपर्यंत भारताची तिकिटं काढू नका. पासपोर्टच्या अर्जासोबत नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, त्याची प्रत आधीच काढून ठेवा.