महासत्तांनी शत्रूशी बोलायचं की त्याला वाकवायचं?

तासगावचा बागायतदार

मंडळी, रविवारी सांगलीच्या मार्केट यार्डात एका ओळखीच्या अडत्याशी माझा वाद झाला. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकेनं इराणला आणि त्याच्या सगळ्या पित्त्यांना एकदाचं ठेचून काढावं, म्हणजे रोजची कटकट मिटेल. मला पटलं नाही, पण तिथं उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहितो.

2024 च्या हंगामात आमचा थॉमसन द्राक्षांचा माल युरोपला निघाला. त्याआधी, 2023 च्या नोव्हेंबरपासून, इराणच्या पाठिंब्यावरचे येमेनचे हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करायला लागले होते. जहाज कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, कंटेनरचं भाडं चढलं. द्राक्ष म्हणजे गहू नव्हे. देठ सुकला, मणी गळायला लागले की घडाला कोण विचारतो? जानेवारी 2024 पासून अमेरिका आणि ब्रिटन येमेनवर बाँब टाकत होते, तरी बहुतेक जहाजं त्या वाटेला परतली नाहीत. अखेर मे 2025 मध्ये ओमाननं मध्ये पडून अमेरिका आणि हुथींचा समझोता घडवला.

इराणचंही तेच. 2015 च्या जुलैत व्हिएन्नाला करार झाला. युरेनियम 3.67 टक्क्यांच्या वर शुद्ध करायचं नाही, साठा 300 किलोच्या वर न्यायचा नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत येणार. इराण अटी पाळतोय, असं ते निरीक्षक अहवालामागून अहवालात सांगत होते. मे 2018 मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले, निर्बंध पुन्हा लादले. वर्षभरानं इराणनं मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि एप्रिल 2021 मध्ये तो 60 टक्क्यांवर पोचला. दाब वाढवला तसा बाँब जवळ आला, लांब गेला नाही. माझं मत एवढंच आहे, की महासत्तेनं शत्रूशी बोलणं कधीच तोडू नये.

सातारचे गुरुजी

दादा, मालाचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. हुथींशी तो समझोता अमेरिकेनं मार्चच्या मध्यापासून सात आठवडे बाँबफेक केल्यावर झाला. आणि तो फक्त अमेरिकेपुरता होता. दोनच महिन्यांत, जुलै 2025 मध्ये, हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन व्यापारी जहाजं बुडवली. खलाशी मेले.

मी साताऱ्यात आयुष्यभर इतिहास शिकवला. नुसत्या बोलण्यावर माझा विश्वास का नाही, ते सांगतो. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचा ईस्ट इंडिया कंपनीशी 1819 चा तह होता. 1839 मध्ये कटाचा आरोप ठेवून कंपनीनं त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. एकदोन नव्हे, जवळजवळ चौदा वर्षं तिथं राहिले. अर्ज केले, कंपनीच्या सभांमध्ये भाषणं केली, पार्लमेंटच्या सभासदांना भेटले. तोवर 1847 मध्ये महाराज काशीत वारले आणि 1848 मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा केलं. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. पुढं 1857 च्या उठावात त्यांच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात फाशी झाली. गेंडामाळावर हुतात्म्यांचं स्मारक आहे, मी दर वर्षी मुलांना तिथं न्यायचो. मुलांना सांगायचो, कंपनी यांचं ऐकून घेत होती, कारण ऐकण्यात तिचं काही जात नव्हतं.

युक्रेनचं वेगळं काय झालं? डिसेंबर 1994 मध्ये बुडापेस्टला त्यानं आपल्याकडची अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचा शब्द दिला. 2014 मध्ये क्रिमिया रशियानं घेतला. 24 फेब्रुवारी 2022 ला त्याचे रणगाडे आले. कागदावर सह्या तिघांच्याही होत्या.

मिरजकर

गुरुजींशी सहमत. प्रतापगडाखाली महाराज खानाला भेटायला गेले ते तयारीनंच गेले.

विश्रामबाग, सांगली

मिरजकर, पण पुरंदरचा तहही महाराजांनीच केला ना? 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांना 23 किल्ले दिले आणि 1670 मध्ये परत घ्यायला सुरुवात केली. कधी बसायचं आणि कधी उठायचं, हे दोन्ही त्यांना कळत होतं. प्रतापगड एवढाच आठवायचा, हे बरोबर नाही.

मी राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करते. सर, तुमचं आणि दादांचं, दोघांचंही मला अर्धं पटतं. क्यूबाचा पेच बघा. ऑक्टोबर 1962 मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं फ्लोरिडापासून हाकेच्या अंतरावर आली. केनेडींनी समुद्रात नाकेबंदी केली, आणि त्याच दिवसांत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना पत्रंही लिहिली. 27 तारखेला रात्री केनेडींचे भाऊ रॉबर्ट सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले. तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढू, पण हे गुपित राहिलं पाहिजे, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हनी माघार जाहीर केली. लोकांना दिसली ती नाकेबंदी, देवाणघेवाण दिसली नाही. त्यामुळे "दम दिला म्हणून रशिया पळाला" हीच गोष्ट जगभर पसरली आणि पुढच्या कित्येक पुढाऱ्यांनी तिच्यातून चुकीचाच धडा घेतला.

दादा, आता तुमच्या बाजूचं खटकणारं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर जुलै 1971 मध्ये गुपचूप चीनला, पेकिंगला (आजचं बीजिंग) गेले. स्वतः निक्सन फेब्रुवारी 1972 मध्ये गेले. महासत्तेनं शत्रूशी बोलावं याचं हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पण मधला दूत कोण होता? पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान. त्याच महिन्यांत त्याचं सैन्य पूर्व पाकिस्तानात बंगाली माणसांची कत्तल करत होतं. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये तार करून आपल्याच सरकारचा निषेध केला, तरी वॉशिंग्टन गप्प राहिलं. जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. डिसेंबरमध्ये तर आपल्याला दटावायला सातव्या आरमाराच्या युद्धनौका बंगालच्या उपसागरात पाठवल्या. दोन महासत्तांमध्ये गोडी झाली ती कुणाच्या जिवावर, हे विचारायला नको का? माझ्या आजीनं त्या काळात रेडिओवर रोज निर्वासितांचे आकडे ऐकले होते, ती आजही निक्सनचं नाव घेतलं की तोंड फिरवते.

खटावचा माजी सुभेदार

गुरुजी, रामराम. ताई, छान लिहिलंत.

मी चीनच्या हद्दीवर तीन वेळा होतो. 1993 आणि 1996 चे करार होते, म्हणून बंदूक असूनही आम्ही गोळी चालवायची नाही. समोरचा ढकलायचा, आम्ही ढकलायचो, बॅनर दाखवायचो, मग दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक, म्हणजे फ्लॅग मीटिंग. बाहेरच्याला वाटेल, हे काय खेळ. पण 1975 नंतर तिथं गोळीनं माणूस मेला नाही, हे त्या खेळामुळं. जून 2020 मध्ये लडाखमध्ये गलवानला आपले 20 जवान गेले, तेही दगड आणि खिळ्यांच्या काठ्यांनी.

त्यानंतरचं नीट बघा. ऑगस्टच्या शेवटी आपल्या लोकांनी रात्रीत पँगाँग तलावाच्या दक्षिणेकडं, कैलास रांगेवरची उंच ठाणी धरली. तोपर्यंत चिनी सेनापती बैठकीला यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. ठाणी हातात आल्यावर त्यांना बोलायची गरज वाटायला लागली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये पँगाँगच्या काठावरून दोन्हीकडचे मागं सरले. डेपसांग आणि डेमचोकला गस्त सुरू व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडलं. म्हणजे चार वर्षं आणि कोअर कमांडरांच्या वीसहून जास्त फेऱ्या.

गुरुजी म्हणतात ते खरं आहे, रंगो बापूजींच्या मागं फौज नव्हती. पण फौज असून जो बोलायला बसत नाही त्याची पोरं थंडीत मरतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

कराडकर

चीनचा विषय निघाला म्हणून लिहितो. नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. पण तेच यशवंतराव परराष्ट्रमंत्री असताना, 1976 मध्ये, भारतानं पंधरा वर्षांनी पेकिंगला राजदूत पाठवला. के. आर. नारायणन. लढाईनंतर फौज उभी करणारा माणूस आणि पुन्हा दार उघडणारा माणूस एकच. यशवंतरावांच्या समाधीवर, प्रीतिसंगमावर येणाऱ्यांना पहिली गोष्ट माहीत असते, दुसरी कुणी सांगत नाही. मला ती दुसरी जास्त मोठी वाटते, कारण त्या वेळी तिच्यासाठी टाळ्या मिळणार नव्हत्या.

सातारचे गुरुजी

सुभेदारसाहेब, तुमच्यापुढं मी काय बोलणार. हातात ठाणं असेल तर बोलणं चालतं, हे मान्य करतो. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. ठाणं सोडून खाली उतरल्यावर समोरच्यानं शब्द मोडला तर? युक्रेननं अण्वस्त्रं एकदा दिली, ती परत मागता येत नाहीत.

तासगावचा बागायतदार

गुरुजी, याच प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मला माझ्या धंद्यातलंच सुचतं.

2010 साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या फवारणीच्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. आमच्या भागातले कितीतरी बागायतदार त्या एका हंगामात कर्जात गेले, काहींनी बागा तोडल्या. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं, की युरोपचा आपल्यावर विश्वास उरला नाही, धंदा संपला, तर आम्ही मान डोलावली असती. तसं झालं नाही. बागेची नोंदणी, फवारणीची वही, रेसिड्यूची तपासणी, सगळं कडक झालं. आज तिकडचा खरेदीदार मला ओळखत नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा त्याला काही कारणही नाही. तो प्रयोगशाळेचा रिपोर्ट बघतो आणि गाडी भरते.

इराणच्या करारात हेच होतं. विश्वास नव्हता, निरीक्षक होते, कॅमेरे होते. जून 2022 मध्ये इराणनं त्यातले 27 कॅमेरे काढले. जून 2025 मध्ये फोर्डो, नतान्झ, इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब पडले आणि पुढच्या महिन्यात इराणनं निरीक्षकांशी सहकार्यच थांबवलं. इमारती पडल्या, पण 60 टक्क्यांचा चारशे किलोंहून जास्त साठा नक्की कुठं आणि कसा आहे, हे बघायला आत माणूस राहिला नाही. बुडापेस्टच्या कागदात तर शब्द मोडला तर आपसांत सल्लामसलत करायची, यापलीकडं कुणावर ठोस काही बंधन जवळजवळ नव्हतंच. तो रिपोर्टाशिवाय भरलेला माल होता. तुमचा राग त्या कागदावर असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे. बोलण्यावर असेल तर नाही.

विश्रामबागच्या ताई, 1971 बद्दल मला उत्तर नाही. "बोलणं कधीच तोडू नये" असं मी वर सरसकट लिहिलं, ते लिहिताना ढाक्याची माणसं माझ्या डोक्यात नव्हती.

सातारचे गुरुजी

दादा, रिपोर्टाचं पटलं. पण एक गोष्ट राहते. 2018 मध्ये माल चोख होता, रिपोर्टही चोख होता, आणि खरेदीदारानंच सौदा मोडला. तुमच्या धंद्यात असं झालं तर तुम्ही दुसरा खरेदीदार शोधाल. इराणनं, युक्रेननं कुणाकडं जायचं?