इन्क्युबेटरमधला जुना कॉम्प्युटर फॅन: १२ व्होल्टवर लय जोरात, ५ वर आपोआप सुरूच होत नाही

तासगावचा_गावरान
नमस्कार मंडळी. थर्माकोलच्या खोक्याचं इन्क्युबेटर केलंय, २४ गावरान अंडी बसतात. आत हवा फिरवायला भंगारातल्या पीसीचा १२० एमएमचा फॅन लावला, स्टिकरवर १२ व्होल्ट ०.२० अँपिअर लिहिलंय. १२ च्या अडॅप्टरवर वारा थेट अंड्यांवर बसतो आणि पाण्याची वाटी ठेवूनपण ह्युमिडिटी ४० च्या वर जाईना. म्हणून मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला, बोटानं ढकलला की मस्त हळू फिरायचा, मला वाटलं झालं काम. परवा रात्री लाईट गेली, आली, बल्ब लागला पण फॅन उठलाच नाही, सकाळी बघतोय तर बल्बाकडची अंडी पार गरम, ११ दिवसांची मेहनत गेली. लय वाईट वाटलं. आता मधला स्पीड कसा करू? वायरी चार आहेत, काळी पिवळी हिरवी निळी, मी काळी आणि पिवळीच जोडलीय.

मिरज_वायरमन
दादा, जोडलंय ते बरोबर. चार वायरीच्या फॅनला काळी मायनस, पिवळी प्लस, हिरवी स्पीड सांगणारी, निळी कंट्रोलची. हिरवी-निळीला वेगवेगळी टेप मारून सोडून द्या. पण तीन वायरीचा फॅन मिळाला तर सावध राहा, त्यात बहुतेक वेळा लाल प्लस असते आणि पिवळी स्पीडची, इथंच लोक फसतात.
खरी गोष्ट अशी की फिरता फॅन कमी व्होल्टवर फिरत राहतो, पण थांबलेल्याला उठायला जास्त लागतात. तुमच्याकडं लाईट जाते-येते म्हटल्यावर फॅन कितीवर फिरतो ते बघूच नका, कितीवर स्वतःहून उठतो ते बघा आणि त्याच्या वर एखादा-दीड व्होल्ट ठेवा. घरात जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर असंल तर तोच लावा, दुसरं काही करायला नको.

कराडकर_सोल्डर
अडॅप्टर नसंल तर प्लसच्या वायरीत ३३ ओहमचा रेझिस्टर टाका, फॅनला साडेसात-आठ व्होल्ट मिळतील. २ वॅटचाच घ्या, पाव वॅटचा जळंल.

मिरज_वायरमन
कराडकर भाऊ, हिशोब बरोबर आहे पण या कामाला रेझिस्टर नको. फॅन उठताना करंट जास्त ओढतो, तेवढाच रेझिस्टरवर व्होल्टेज जास्त पडतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी फॅनला कमी मिळतो. त्यापेक्षा प्लसच्या वायरीत ४००७ नंबरचे पाच डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे पार्ट) एकामागं एक जोडा, एकेकावर साधारण ०.७ व्होल्ट पडतो, म्हणजे साडेआठच्या आसपास राहतो आणि करंट वाढला तरी फारसा हलत नाही. चंदेरी पट्टी फॅनकडं. पंख्याचा भिंतीतला रेग्युलेटर मात्र कुणी लावू नका, तो २३० च्या एसीसाठी असतो. आणि बल्बाची वायर फॅनच्या वायरीपासून लांब घ्या, आत पाण्याची वाटी आहे.

कराडकर_सोल्डर
पटलं, उठतानाच्या करंटचा विचार मी केला नव्हता. दादा, अजून एक, फॅन जुना आहे तर मधलं स्टिकर उचलून खाली तेलाची जागा दिसली तर शिलाई मशीनचं एकच थेंब तेल सोडा. आणि फॅन उलटा फिरवायला प्लस-मायनस बदलू नका, तो उलटा फिरत नाही, उगाच आतलं सर्किट जाईल. फ्रेमच उलटी बसवा, ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतं तिकडून वारा बाहेर पडतो, ती बाजू झाकणाकडं करा म्हणजे अंड्यांवर थेट येणार नाही.

तासगावचा_गावरान
दोघांचे आभार. ९ चा अडॅप्टर शेजारच्या काकांकडं मिळाला. तेल घातलं, फ्रेम उलटी केली, मग बटण वीस वेळा बंद-चालू केलं, वीसच्या वीस वेळा स्वतःहून उठला, तेव्हाच नवीन अंडी ठेवली. टेंपरेचर चारी कोपऱ्यात ३७.५ च्या आसपास, ह्युमिडिटी ५२. आज चौथा दिवस. काल दोनदा लाईट गेली, आल्यावर दोन्ही वेळा मी उठून बघितलं, फॅन चालू होता.